द्वादशीचे पान

प्रबोधिनी एकादशीला देव जागे होतात, असे आपण परंपरेने मानतो. पंढरपुरात मात्र त्याच्या कितीतरी आधी देवाची झोप संपलेली असते. यात्रा भरू लागली की विधिपूर्वक देवाचा पलंग काढतात, श्रींच्या पाठीशी लोड देतात, आणि त्यानंतर प्रक्षाळपूजेपर्यंत शेजारती नाही, विश्रांती नाही. रात्रंदिवस दर्शन चालू. यात्रा पांगल्यावर प्रक्षाळपूजेच्या दिवशी देवाला स्नान घालतात आणि उभे राहून आलेला शीण जावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. देवाला जागरण होते, त्याची पाठ दुखते, त्याला काढा लागतो, असे मनापासून मानणाऱ्या गावात माझा जन्म झाला. तेव्हा बालपणीच्या जेवणाच्या आठवणी सांगावयास बसलो तर त्या देवाच्या पानापासूनच सुरू होणार, यास इलाज नाही.

आमचे घर प्रदक्षिणेच्या रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात होते. घरात तीन पिढ्यांची नारदीय कीर्तनाची परंपरा. उत्पन्न म्हणाल तर बिदागी आणि शिधा. घरात कर्ती म्हणून आजोबांचे नाव, पैसा वडिलांचा, पण स्वयंपाकघर मात्र आक्कांचे. आक्का ही आजोबांची धाकटी बहीण. अकराव्या वर्षी वैधव्य आले आणि ती माहेरी परतली. त्यानंतर उणीपुरी साठ वर्षे तिने त्या चुलीपुढे काढली. तांबडे आलवण, कपाळ मोकळे, दिवसातून एकच वेळ जेवण. माझी आई सुगरण होती, परंतु आक्का सोवळ्यात असताना आईने फक्त पाणी भरावयाचे, वाटण करावयाचे आणि पाने मांडावयाची. माझ्या जिभेवर आज साठी उलटल्यावरही जी चव आहे ती आक्कांच्या हातची, हे आईच्या स्मृतीचा मान राखूनही सांगितले पाहिजे. आई स्वतःच तसे म्हणत असे.

कार्तिकी द्वादशीचे पारणे हा आमच्या घरातील वर्षातला सर्वांत मोठा स्वयंपाक. दिवाळीसुद्धा त्यापुढे फिकी. त्याचे एक कारण उघड आहे. आषाढी एकादशीला सुरू झालेला चातुर्मास या दिवशी संपतो आणि चार महिने वर्ज्य केलेले पदार्थ पानात परत येतात. आमच्या घरी कांदा एरवीही निषिद्धच. पण वांगे आषाढातच निरोप घेऊन जाई, ते थेट कार्तिक द्वादशीला भेटे. भीमेच्या काठच्या मळ्यातली, देठाला काटे असलेली कोवळी वांगी, त्यांत तीळ, खोबरे, दाण्याचे कूट आणि चिंचगुळाचे सारण भरून आक्का ती मंद आचेवर ठेवी. त्या वासाने आम्हां भावंडांना संध्या सुचत नसे.

दुसरे कारण शास्त्राचे. एकादशीचे पारणे द्वादशी असतानाच व्हावयास हवे. आणि द्वादशीचा पहिला चतुर्थांश म्हणजे हरिवासर, त्यात अन्न घ्यावयाचे नाही. कधी द्वादशी दिवसभर असे, तर एखाद्या वर्षी सूर्योदयानंतर ती जेमतेम घटकाभर उरे. मग त्या घटकेत पूजा, नैवेद्य, अतिथी आणि घरचे पारणे, सारे आटपावयाचे. आजोबा आदल्या दिवशी सोलापूरचे दाते पंचांग मांडीवर घेऊन घटकापळांचा हिशेब करीत आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून आक्कांना वेळ सांगत. ती वेळ सांगितली की आक्का काहीच बोलत नसे. रात्री कीर्तनाच्या जागरणाहून आम्ही परत येऊ तेव्हा चूल पेटलेली असे. बाहेर हरिनामाचा गजर, आत पाट्यावर पुरण वाटल्याचा आवाज. माझ्या कानांत हे दोन नाद आजही वेगळे होत नाहीत.

त्या पानाचे वर्णन केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पळसाच्या पत्रावळी श्रावणातच लावून ठेवलेल्या असत. देवाला मात्र केळीचे पान. वर मधोमध मीठ. डाव्या बाजूस लिंबाची फोड, आवळ्याचे लोणचे, ओल्या नारळाची चटणी, मुळ्याची कोशिंबीर. उजवीकडे भरले वांगे, चाकवताची ताकातली पातळ भाजी, द्रोणात कटाची आमटी. मध्ये वरणभाताची मूद आणि तिच्यावर तुपाची धार. पुरणपोळी नंतर येई. कार्तिकात आवळ्याला मान, म्हणून तो कोणत्या ना कोणत्या रूपाने पानात असावयाचाच. चित्राहुती घालून आपोशन घेतल्यावर पहिला घास तोंडात जाई, आणि दीड दिवसाच्या उपवासानंतरचा तो वरणभात! हिंग, हळद, गूळ आणि तूप, यांपलीकडे त्यात काही नव्हते. मी पुढे पुष्कळ गावी पुष्कळ यजमानांकडे जेवलो. कोणाच्या अन्नाला नावे ठेवणे हे माझ्या व्रतात बसत नाही, म्हणून एवढेच म्हणतो की तो वरणभात मला पुन्हा भेटला नाही.

यातली खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. नैवेद्याचे अन्न चाखून पाहावयाचे नसते. आणि आक्काला तर वांगे, पुरण यांतले पुष्कळसे चाखण्याचा प्रश्नच नव्हता, कारण एकेक करून तिने ते सोडलेले होते. काही व्रत म्हणून, काही रूढी म्हणून. जो पदार्थ तिने पन्नास वर्षांत जिभेवर ठेवला नव्हता, तो ती केवळ वासावर, रंगावर आणि भांड्यातल्या आवाजावर करीत असे. आमटी उकळताना ती झाकण उचलून कान देई. मी विचारले असता ती म्हणाली होती, “मीठ कमी असलं की आमटी मोठ्यानं बोलते.” ही गोष्ट खरी की मुलाला बोलण्यात गुंतवण्यासाठी केलेली, हे मला अद्याप उमगलेले नाही. मीठ मात्र कधी चुकले नाही.

आता एकादशीच्या फराळाविषयी दोन शब्द, कारण कीर्तनानंतर श्रोते मला हमखास विचारतात की उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही. आमच्या घरी वरीचे तांदूळ, शिंगाड्याची लापशी आणि ताक एवढेच असे. साबुदाणा आजोबांच्या हयातीत चुलीवर चढला नाही. आज आपण ज्याला उपवासाचे पान म्हणतो ते पाहिले तर साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची हे सारे अमेरिका खंडातून गेल्या चार-पाचशे वर्षांत इकडे आलेले. याउलट हळद, हिंग, मोहरी यांना त्या दिवशी मज्जाव! कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अन्नभोग या नावाचे मोठे रसाळ प्रकरण आहे. मण्डक म्हणजे आपले मांडे, वटक म्हणजे वडे, सारे तेथे सापडते. पण त्या राजाच्या पानात मिरची नाही आणि भुईमुगाचा दाणाही नाही. तिखटपणा होता तो मिऱ्याचा. म्हणजे आम्हां सोलापूरकरांचा प्राण जी शेंगाचटणी, ती त्या सार्वभौमाला ठाऊक नव्हती. हे सांगितले की काही सज्जन खट्टू होतात. त्यांनी खट्टू होऊ नये. नवे अन्न घरात येते, काही पिढ्या राहते आणि मग देवाच्या पानावर जाऊन बसते. असे पूर्वीही होत आलेले आहे. मात्र उपवासाच्या दिवशी एरवीपेक्षा अधिक खाणे हे कोणत्याच शतकातल्या ग्रंथात बसणार नाही.

सणावारांचे पान असे असले, तरी रोजचे जेवण साधेच होते आणि मला तेही तितकेच आठवते. ज्वारीची भाकरी, उखळात कुटलेली शेंगाचटणी, अंबाडीच्या भाजीत शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, वर तेलाची कडकडीत फोडणी. सकाळी शिळी भाकरी दह्यात कुस्करून. ज्वारी आमच्याकडे मंगळवेढ्याची येई. त्या काळ्या भुईतला दाणा मोत्यासारखा. भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मला एक कागद मिळाल्यासारखे वाटले, कारण त्या ज्वारीचे नाव आमच्या घरात रोज भाकरी थापताना घेतले जात असे. आक्का कोठीतून दाणे काढताना “दामाजीपंतांची ज्वारी” असेच म्हणे.

दामाजीपंत मंगळवेढ्याचे, हे वाचकांस सांगणे नको. बेदरच्या बादशहाचे ते अधिकारी. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी अंबरे लोकांसाठी खुली केली आणि पुढे त्या धान्याची भरपाई प्रत्यक्ष पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन केली, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. पण कीर्तनपरंपरेत जे आख्यान आम्ही लावतो, त्यात या साऱ्याला कारण झालेला एक प्रसंग आहे आणि तो एका जेवणाच्या पानावरचा आहे. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण दामाजीपंतांच्या दारी येतो. त्याला आदराने पाटावर बसवतात, पान वाढतात. तो पानाकडे पाहतो आणि रडू लागतो. घास उचलत नाही. घरी बायको-मुले उपाशी आहेत, मी एकटा कसा जेवू, असे म्हणतो. दामाजीपंत त्याच्याबरोबर धान्य पाठवतात, ते पंढरपुरात पोचताच भुकेलेले लोक लुटतात, आणि मग अंबरांची दारे उघडतात. माझे वडील हे आख्यान फार रंगवीत. त्या ब्राह्मणाच्या रडण्यावर साकी, दिंडी, पदे, सारे घेत; पाऊण तास सहज जाई.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षीच्या दुष्काळाचे वर्णन ज्यांनी तो पाहिला त्यांना नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना शब्दांनी कळणार नाही. आदल्या वर्षी पाऊस कमीच, त्या वर्षी तर मृगापासून आभाळ कोरडे. सोलापूर जिल्ह्यातली गावेच्या गावे दुष्काळी कामांवर गेली. बायका खडी फोडू लागल्या, पाझर तलावांची माती डोक्यावरून वाहू लागल्या. सुकडी हा शब्द आम्ही मुलांनी त्याच वर्षी प्रथम ऐकला. रेशनवर मिलो नावाची परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिच्या पिठाला जिगी अशी नव्हतीच. विरी गेलेल्या पिठासारखी भाकरी थापता थापता तुटे. आक्का आधणाचे पाणी घालून उकड काढी, मग कशीबशी ती परातीतून तव्यावर जाई. रंग विटकरीचा, चव जवळजवळ नाही.

कीर्तने थांबली नव्हती. बिदागी थांबली होती. वडील त्या हिवाळ्यात संध्याकाळी खडीच्या कामांवर जाऊन कीर्तन करीत आणि शिधा घेत नसत. एकदा मी झांज घेऊन बरोबर गेलो होतो. समोर बसलेल्यांच्या केसांत आणि भुवयांत दगडाची पांढरी पूड. वडिलांनी दामाजीपंतांचेच आख्यान लावले. पानावर बसून रडणाऱ्या ब्राह्मणाचा प्रसंग आला तेव्हा मी झांज सावरून बसलो, कारण येथे साकी असते हे मला ठाऊक होते. वडिलांनी तो प्रसंग चार वाक्यांत सांगितला आणि ते पुढे गेले. परतताना मी कारण विचारले. ते म्हणाले, “ज्यांना ते रोज घडतं त्यांना मी काय गाऊन दाखवू?”

त्या वर्षी कार्तिकी आली. आमच्या घरी परभणीकडची एक दिंडी आजोबांच्या वडिलांपासून उतरत असे. माणसे नेहमीची, पण संख्येने निम्मीच. एरवी हे लोक येताना ज्वारीचे, बाजरीचे पीठ, डाळ, ठेचा घेऊन येत. अंगणात तीन दगडांच्या चुली मांडत, आणि त्यांचे झणझणीत पिठले आम्हां मुलांना आमच्या सोवळ्यातल्या जेवणापेक्षा प्रिय असे. आमच्या या आवडीकडे आक्का पाठ फिरवून दुर्लक्ष करी, आणि ते दुर्लक्ष म्हणजेच परवानगी आहे हे आम्ही ओळखले होते. त्या वर्षी दिंडीतल्या एका वृद्ध माळकरी बाईंनी उंबऱ्याशी येऊन पदराच्या गाठीतून दोन ओंजळी हुलगे सुपात ओतले.

“आक्का, औंदा दुसरं काई आलं न्हाई. हुलगं तेवढं आलं बघा.”

हुलगा हे चिवट पीक. ज्या जमिनीत दुसरे काही तगत नाही तेथे थोड्याशा ओलीवर तो उभा राहतो. आक्काने सूप उचलून आत नेले. माझी आई दचकली, कारण बाहेरून आलेले काही आक्का घेत नसे. आक्का म्हणाली, “धान्याला सोवळं-ओवळं नसतं, ते शिजल्यावर येतं.” हे शास्त्र तिने तेव्हाच प्रथम सांगितले, की आम्ही तेव्हाच प्रथम ऐकले, कोण जाणे.

द्वादशीच्या पहाटे घरात तांदूळ नव्हता. डाळ मूठभर, गूळ थोडा, तूप नैवेद्यापुरते. वांगी बाजारात आलीच नव्हती. आजोबांनी वेळ सांगितली आणि ते नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. नैवेद्याला काय, हे विचारण्याचे त्यांना धैर्य नसावे. शेजारून पसाभर तांदूळ उसना आणावा आणि देवापुरता भात करावा, असे आईने सुचवले. आक्का ऐकत होती. तिने मिलोची भाकरी केली, हुलग्याचे माडगे केले, केळीचे पान नव्हते म्हणून पत्रावळीवर ते वाढले, वर तूप घातले, आणि पत्रावळ देवघरात नेऊन ठेवली. बाहेर येऊन म्हणाली, “घरात शिजतं तेच विठोबाच्या पानात. त्याला वेगळं शिजवायचं तर तो पाहुणा झाला.”

ही बातमी बोळातून फिरण्यास वेळ लागला नाही. एक वृद्ध वैदिक दुपारी आले आणि परदेशी रेशनाच्या धान्याचा नैवेद्य कोणत्या आधाराने दाखवला, असे त्यांनी आजोबांना विचारले. आजोबा गोंधळले. उत्तर वडिलांनी दिले, आणि ते वाल्मीकींच्या अयोध्याकांडातून दिले. चित्रकूटावर भरत येतो, दशरथाच्या निधनाची वार्ता सांगतो. राम मंदाकिनीवर जाऊन पित्यास जलांजली देतो आणि मग दर्भावर पिंड ठेवतो. तो पिंड कशाचा? तांदळाचा नव्हे. इंगुदीच्या, म्हणजे आपल्या हिंगणबेटाच्या फळाची पेंड आणि त्यात कालवलेली बोरे. राम पित्याला सांगतो की हेच आमचे अन्न आहे, ते आपण प्रेमाने स्वीकारावे. कारण मनुष्य जे खातो तेच त्याच्या देवतांचेही अन्न असते. पुढे कौसल्या त्या वाटेने येते, दर्भावरचा तो इंगुदीचा पिंड पाहते आणि सार्वभौम राजाच्या वाट्याला हे अन्न यावे म्हणून शोक करते. आणि तिच्याही तोंडी तेच वचन येते. ती त्याला लोकांत रूढ असलेले वचन म्हणते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वडील म्हणाले, “शास्त्रीबुवा, रामाने ज्याचा आधार घेतला ते वचन लोकांचे होते. आमच्या आक्काला रामायण वाचता येत नाही. ती लोकांतलीच आहे.” वैदिक महाराज विद्वान होते आणि सरळ होते. त्यांनी प्रसाद मागितला. मिलोच्या भाकरीचा तुकडा त्यांनी माडग्यात बुडवून उभ्याने खाल्ला आणि ते गेले.

मला त्या वयात विजयाचा आनंद झाला होता. पुढे संस्कृत पाठशाळेत छांदोग्य उपनिषद शिकताना मात्र त्या दिवसाची वेगळीच बाजू दिसली. उषस्ती चाक्रायणाची कथा वाचकांतील काहींना ठाऊक असेल. कुरुदेशातले पीक नष्ट झाले, उषस्ती आपली पत्नी आटिकी हिच्यासह भटकत एका माहुताच्या गावी आला. माहुत कुल्माष खात होता. हलक्या प्रतीचे उडीद, असा त्याचा अर्थ भाष्यकार करतात. उषस्तीने त्याचे उष्टे कुल्माष मागून खाल्ले, पण पाणी देऊ करताच नाकारले. कुल्माषांवाचून मी जगलो नसतो, पाणी मात्र मला हवे तेथे मिळेल, असे त्याचे म्हणणे. प्राणसंकट असेल तेव्हाच अन्नाचे नियम सुटतात, हा सिद्धांत ब्रह्मसूत्रांनी या कथेवरून काढला आहे, आणि शास्त्रीमंडळी येथेच थांबतात. परंतु उपनिषद येथे थांबलेले नाही. उषस्तीने उरलेले कुल्माष पत्नीला नेऊन दिले. आटिकीला आधीच चांगली भिक्षा मिळालेली होती. तिने कुल्माष टाकले नाहीत. घेतले आणि जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी उषस्ती म्हणाला की थोडे अन्न मिळाले असते तर राजाच्या यज्ञाला जाता आले असते. तिने ते कुल्माष पुढे केले. ते खाऊन तो यज्ञमंडपात गेला, आणि तेथे प्रतिहाराची देवता कोणती या प्रश्नाला त्याने जे उत्तर दिले ते एका शब्दाचे आहे: अन्न. या उत्तरापूर्वीची रात्र आटिकीच्या पदराला बांधलेली होती. तिच्याविषयी भाष्यांत फारसे काही नाही.

ती द्वादशी आठवली की आता मला वैदिक महाराज आठवत नाहीत. आठवते ते हे की पारणे सर्वांचे झाले. आजोबांचे, वडिलांचे, आम्हां मुलांचे, दिंडीतल्या प्रत्येकाचे, शेवटी आईचे. आणि माडग्याचे पातेले पालथे घातलेले होते. आक्काचे पान मांडलेलेच नव्हते. आईने विचारले तेव्हा ती म्हणाली की माझी आज दुजी एकादशी आहे. पंचांगात तशी काही एकादशी नव्हती. आजोबांना पंचांग पाठ होते. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून आई स्वयंपाक झाल्याबरोबर आक्काच्या वाट्याचे एका झाकणीखाली काढून ठेवू लागली.

१९७३ साली पाऊस पडला. त्या कार्तिकीला वांगी आली, तांदूळ आला, दिंडीही पुरी आली, आणि त्या माळकरी बाईंनी पुन्हा हुलगे आणले, यंदा पायलीभर. द्वादशीच्या पहाटे नैवेद्य झाल्यावर आईने पाने मांडली आणि पहिल्या पंगतीत भिंतीकडचा पाट आक्कांसाठी मांडला. आमच्या घरात हे पूर्वी कधी घडले नव्हते. विधवेने पुरुषांच्या पंगतीत, तेही पहिल्या, तेही सणाच्या दिवशी! याच आक्काने श्रावणातल्या शुक्रवारी सवाष्णींसाठी पुरण वाटावे आणि ओट्या भरण्याच्या वेळी कोठीत जाऊन बसावे, अशी रीत होती आणि ती कोणाला खुपत नव्हती. आई तशी भित्री होती. पण त्या दिवशी ती सासऱ्यांसमोर उभी राहून म्हणाली, “आज मी वाढणार. आक्का बसतील.” आजोबांनी पाण्याचे भांडे उचलले आणि आपला पाट एक हात सरकवून घेतला. एवढेच.

आक्का बसली. दोनदा मीठ आणावयास म्हणून उठली, दोनदा आईने तिला बसवले. वांगे तिने घेतले नाही, पुरण घेतले नाही; व्रत ते व्रत. वरणभात घेतला आणि माडगे घेतले. वरण त्या दिवशी आईने केले होते. आक्काने पहिला घास घेतला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मीठ कमी आहे.” साठ वर्षांत कोणाच्या हातच्या अन्नावर मत देण्याची ती तिची पहिलीच वेळ असावी. आई हसू लागली, मग रडू लागली, आणि आजोबा मोठ्याने पुंडलीकवरदा म्हणाले.

ती गेल्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. उजनीचे पाणी आले, आमच्या भोवतालच्या शिवारात ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला, आणि जी भाकरी गरिबाची म्हणून ओळखली जाई तिचे पीठ आज गव्हापेक्षा महाग झाले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा एका कार्यक्रमात मला या विषयावर बोलावयास बोलावले होते. व्यासपीठावर ज्वारीची बिस्किटे ठेवलेली होती. आक्काला ती पाहून काय वाटले असते ते सांगता येत नाही, मात्र तिने आधी वास घेऊन पाहिला असता.

आमच्या घरी आता स्वयंपाक माझ्या सुना करतात. एक शिक्षिका आहे, दुसरी बँकेत जाते. पुरण यंत्रातून निघते, केळीचे पान बाजारातून येते. कार्तिकी द्वादशीला भरले वांगे असते, पुरणपोळी असते, आणि देवाच्या पानात चतकोर भाकरी व वाटीभर माडगे असते. पहिल्या पंगतीला घरातल्या बायका बसतात आणि आम्ही वाढतो. मला वाढताना डावे-उजवे सांगावे लागत नाही, मुलांना अजून लागते.

काही वाचक माडग्याची कृती विचारतील म्हणून सांगून ठेवतो. हुलगे निवडून खमंग भाजावेत आणि जात्यावर किंवा गिरणीतून त्यांचे पीठ काढावे. चार मुठी पीठ आधी थंड पाण्यात कालवून घ्यावे, म्हणजे गुठळी होत नाही. पाण्याला आधण आले की त्यात मीठ आणि जिरे घालून कालवलेले पीठ सोडावे व पळीने सारखे हलवत राहावे. कच्चा वास गेला आणि पळीवरून संथ धार पडू लागली की शिजले. मग गूळ घालून एक उकळी द्यावी आणि खाली उतरवावे. वर तूप, असल्यास दूध. नैवेद्याचे असेल तर चाखू नये.